डोळ्यांनी पाहिले तरी

"मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले" असे म्हटले की वाद मिटला, असे आपण समजतो. पण डोळा सगळे खरे दाखवतो काय?

आम्ही कोळगावकर. आमच्याच पालघर जिल्ह्यात तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही. तो मोजायला यंत्रच लागते. म्हणजे जे आहे ते सगळे दिसत नाही.

उलटेही घडते. जे नाही तेही माणसाला दिसते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. पाणी होते तसेच राहिले. तरी सनातन्यांना ते बाटलेले दिसले. मग शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे ओतून त्यांनी ते 'शुद्ध' केले! विटाळ पाण्यात नव्हता, मनात होता.

पंचस्कंधांत रूप वेगळे, संज्ञा वेगळी, संस्कार वेगळे. डोळा रूप आणतो, नाव मन ठेवते. मी बोईसरला भाड्याची खोली पाहायला गेलो, तेव्हा मालकाने चहा मागवला. आडनाव ऐकले आणि खोली "कालच गेली". समोरचा माणूस तोच होता.

परंपरा आहे, ग्रंथात आहे, म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. बंधू-भगिनींनो, आपली नजरही तशीच तपासू या. पाड्यावरचा आदिवासी, बिहारहून आलेला कामगार आपल्याला कसा दिसतो? तिथे आपली परीक्षा आहे.

जयभीम!