आईचा शेवट

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकट्या बंधूंच्या आग्रहावरून आम्ही जर्मनीस गेलो. त्यांचे बिऱ्हाड कास्सेल शहरी आहे. त्यांची सात वर्षांची कन्या आम्हांस ‘मोठे काका’ म्हणते. एवढे सोडले तर तिच्या मराठीची पुंजी बेताचीच. तीच आम्हांला हाताशी धरून ‘ग्रिमवेल्ट’ दाखवावयास घेऊन गेली.

टेकडीवर २०१५ साली उघडलेले हे संग्रहालय याकोब व विल्हेल्म ग्रिम या बंधूंच्या कार्याला वाहिलेले आहे. ज्यांनी परीकथांचा आपला पहिला संग्रह १८१२ साली छापला, तेच हे ग्रिम बंधू. संग्रहालय म्हटले की ‘हात लावू नये’ ही पाटी आम्हांस अपेक्षित. येथे प्रकार उलटा! काटेरी कुंपणातून वाट काढावी, आरशापुढे उभे राहावे, कर्ण्यात तोंड घालून शिवी हासडावी, की जुन्या जर्मन शिवीने उत्तर हजर. ‘शांत बसा’ म्हणण्यात हयात घालवलेल्या आम्हांस प्रथम संकोच वाटला. पण पुतणीने डोळे वटारले, तेव्हा आम्हीही अस्सल इंदुरी थाटात ‘गाढवा!’ म्हणून घेतले. मागे एक वृद्ध जोडपे आपल्या पाळीची वाट पाहत होते.

एका काचेच्या पेटीपुढे मात्र आम्ही थबकलो. ग्रिम बंधूंच्या स्वतःच्या वापरातील प्रती, समासात त्यांच्याच हातची टिपणे. २००५ साली युनेस्कोने या प्रतींची जागतिक स्मृतिठेवा म्हणून नोंद केली. ग्रिम बंधूंना अनेक कथा डोरोथेया फीमान नावाच्या बाईने सांगितल्या. खानावळवाल्याची लेक, शिंप्याची बायको. भाजी विकावयास ती कास्सेलला येत असे. १८१५ साली ती निवर्तली. पण तिच्या गोष्टी उरल्या, कारण त्या टिपून घेणारे कोणी समोर बसले होते.

त्या रात्री पुतणीला आम्ही लेकीकडून भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगू लागलो. मोडक्या मराठीत ती हुंकार देत होती. गोष्ट शेवटाशी आली आणि आम्ही अडखळलो. पुस्तकातला शेवट आम्हांस पाठ आहे. आईचा निराळा होता. तिची म्हातारी वाघाला माळवी बोलीत काहीतरी सुनावी आणि आम्ही भावंडे पोट धरून हसत असू. काय सुनावी, ते आठवेना. बंधूंना हाक मारली, त्यांनाही आठवेना. दोघे क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिलो.

मराठीत एम.ए. होताना लोककथांवर आम्ही पानेच्या पाने लिहिली. तेव्हा आई पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडीत बसलेली असे. उठून तिच्यापुढे वही घेऊन बसावे, हे काही सुचले नाही. तिला जाऊन आता आठ वर्षे झाली.

पुतणीला पुस्तकातलाच शेवट सांगितला. ती समाधानाने झोपली. आम्हांस मात्र झोप आली नाही.

शाळा उघडताच आम्ही सहावीच्या मुलांना काम दिले: घरच्या आजीकडून एक गोष्ट ऐकावी आणि तिच्याच शब्दांत लिहून आणावी, मराठी, माळवी, निमाडी, जी तिची बोली असेल ती. आजवर एकेचाळीस गोष्टी जमल्या आहेत. भोपळ्यातली म्हातारी त्यांत तीनदा आली. तिन्ही शेवट निराळे आहेत. आईचा त्यांत नाही.

वाचकांच्या घरी कोणी म्हातारे माणूस असेल, तर वही आजच काढावी.