चिलखताची आतली बाजू

५ जानेवारी, पुणे

१९ फेब्रुवारीला शिवजयंतीचा प्रयोग. आज दिग्दर्शकांबरोबर यादी पक्की झाली. मोगल आणि आदिलशाही सरदारांची चिलखतं, शिरस्त्राणं आणि दस्ताने बनवण्याचं काम आमच्या शेडकडे. प्रतापगडाच्या प्रसंगात महाराजांच्या अंगावर चकाकतं चिलखत हवं, असा आग्रह होता. १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या भेटीत महाराजांनी चिलखत अंगरख्याच्या आत घातलं होतं. ते दिसू नये यातच त्याचं सगळं सामर्थ्य होतं. तिथे फायबरचा तुकडाही नको, अंगरखाच जरा भरीव शिवू, असं मी सांगितलं. पटलं त्यांना. पोशाख करणाऱ्या माणसाला काय दाखवायचं याइतकंच काय दाखवायचं नाही हेही कळायला हवं.

८ जानेवारी

आज चार-आईन्याची मापं काढली. जाळीच्या चिलखतावर बांधायचे हे चार पोलादी पत्रे: छातीला एक, पाठीला एक, दोन्ही कुशींना एकेक. कुशीच्या पत्र्यांना वरच्या बाजूला अर्धगोल खोबण असते, म्हणजे हात खाली आला तरी कड काखेत रुतत नाही. त्या काळच्या कारागिराने आधी माणूस पाहिला, मग पोलाद कापलं. आमची खोबण त्याहून बोटभर खोल ठेवणार आहे, कारण आमच्या सरदाराला तलवार उगारून स्वगतही म्हणायचं आहे.

जाळी फायबरची करायची नाही. जाड सुतळी सैलसर विणून तिला चंदेरी रंग दिला की दहाव्या रांगेतून ती लोखंडी कड्यांचीच वाटते, आणि अंगाबरोबर वळते.

१२ जानेवारी

अण्णांनी छातीच्या पत्र्याचा नमुना शाडूत पुरा केला. पेणला गणपती घडवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मातीवरून अंगठा फिरला की पृष्ठभाग नितळ होतो. मधला नक्षीचा गोल आणि कडेची वेल त्यांनी थोडी जास्त उठावाची ठेवली. साच्याला वॅक्सचे आणि पत्र्याला रंगाचे थर चढले की बारीक रेषा बुजतात, हे त्यांना सांगावं लागत नाही.

दुपारी नमुन्यावर पीओपीचा साचा ओतला, काथ्या घालून मजबूत केला. आता तो पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. ओलसर साच्यात रेझिन नीट धरत नाही.

१६ जानेवारी

सकाळी शेडमध्ये बारा अंश. इतक्या थंडीत पॉलिएस्टर रेझिन आळसावतं, तासन् तास चिकट राहतं. म्हणून काम अकरानंतर, ऊन शेडच्या छपरावर आल्यावरच. हार्डनर रेझिनच्या वजनाच्या २ टक्के. मे महिन्यात हेच काम १ टक्क्यावर भागतं.

साच्याला चपड्याचे हात, मग वॅक्स, मग पत्रा पुढे सहज सुटावा म्हणून पीव्हीए. त्यावर ॲल्युमिनियमची पावडर मिसळलेला जेलकोट, म्हणजे पत्र्याच्या दर्शनी बाजूचा रेझिनचा थर. बोट लावल्यावर चिकटेल पण बोटाला येणार नाही, इतका तो ओढला की काचेच्या तंतूंची मॅट घालायची. मॅट कात्रीने कापायची नाही, हाताने फाडायची. फाटलेल्या कडेचे तंतू शेजारच्या तुकड्यात मिसळतात आणि जोड दिसत नाही. ब्रश रंगासारखा ओढायचा नाही, उभा धरून टोचत जायचं. पांढरी मॅट रेझिन पिऊन पारदर्शक होत जाते. जिथे पांढरं उरलं तिथे हवा अडकलेली. रोलरने ती कडेपर्यंत ढकलून बाहेर काढायची.

४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर. ३५ बाय ३० सेंमीच्या पत्र्याला रेझिन आणि जेलकोट धरून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास वजन. याच मापाचा १ मिमी जाडीचा पोलादी पत्रा ८०० ग्रॅमच्या वर जातो. तीन तास उभ्या राहणाऱ्या नटाच्या खांद्याला हा फरक कळतो.

१७ जानेवारी

नवीन दोन मुलं कामाला आली. ब्रश हातात देण्याआधी त्यांना मांडणी दाखवली. रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचा जांभळा कोबाल्ट एका फळीवर, हार्डनर समोरच्या भिंतीच्या फळीवर. या दोन बाटल्यांची थेट गाठ पडली तर भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचा, हार्डनर नंतर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून गॉगलशिवाय बाटली उघडायची नाही.

“ताई, रुमाल बांधला तर चालंल का?” एकाने विचारलं. नाही चालणार. स्टायरीनची वाफ रुमालातून सरळ आत जाते. तिला कार्ट्रिजचा मास्क लागतो. मगात उरलेलं रेझिन तसंच सोडायचं नाही. घट्ट होताना ते इतकं तापतं की धूर निघतो. ट्रेमध्ये पातळ पसरून ठेवायचं.

अशा शेडमध्ये उघड्या हातांनी काम करणारी पोरं मी पाहिली आहेत. मनगटापासून कोपरापर्यंत खाज, रात्रभर खोकला. रंगभूमीवरच्या कुठल्याही झगमगाटासाठी ही किंमत मला मान्य नाही.

२४ जानेवारी

पत्रे साच्यातून निघाले. कडेला थोडी फट करून पाणी सोडलं. पीव्हीए विरघळला आणि पत्रा टक् आवाज करून सुटला. कडा मुलांनी आधीच, पत्रा चामड्याइतका लवचीक असतानाच, कटरने कापल्या होत्या. त्यामुळे ग्राइंडर फारसा चालवावा लागला नाही आणि धूळही कमी. उरलेलं घासकाम पाण्यात, वॉटर पेपरने.

आता सर्वांत आवडीचं काम. निर्जीव राखाडी पृष्ठभागावर स्टीलवूल फिरवत गेलं की वरचा रेझिनचा पापुद्रा जातो आणि आतली ॲल्युमिनियम पावडर उघडी पडते. मग काळा ऑइल पेंट पातळ करून सगळीकडे माखायचा आणि लगेच पुसायचा. खाचांत काळं राहतं, उठावावर धातू लखलखतो. वेलीचं पान न् पान वर आलं.

२ फेब्रुवारी

आजचा दिवस आतल्या बाजूचा. प्रेक्षकांना ही बाजू दिसत नाही, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ती तशीच खरखरीत सोडतात. काचेचे तंतू कुसळांसारखे घामेजल्या अंगात शिरतात आणि नट संवाद विसरून मान वळवत राहतो. आम्ही आतून घासलं, साध्या रेझिनचा एक हात दिला, खांद्याखाली आणि कडांना फोम लावला, वर मांजरपाटाचं अस्तर. आमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या मावशींनी ते काढून धुता येईल असं बंदांवर शिवलं. पट्टे चामड्याचे, रिव्हेटमागे वॉशर. वॉशर नसेल तर धक्क्याने रिव्हेट मॅटमधून उपटून येतं.

११ फेब्रुवारी

मैदानावर तालीम. सरदारांना पोशाखात वाका, बसा, पायऱ्या चढा, पडून उठा असं सगळं करायला लावलं. एकाचा पाठीचा पत्रा बसताना मानेला लागत होता. वरून कड उतरवली, पट्ट्याला एक भोक पुढे पाडलं. मग त्याने दोन्ही हात वर नेऊन पल्लेदार वाक्य एका दमात म्हटलं.

पुढच्या वर्षाचं बोलणं निघालं तेव्हा निर्मात्यांना सांगितलं: अंदाजपत्रकात मास्क, हातमोजे आणि अस्तर यांची ओळ वेगळी लिहा आणि ती कापू नका. साचे जपून ठेवले आहेत, त्यांतून आणखी पत्रे निघतील; त्यामुळे मजुरी आणि सुरक्षेवर हात आखडायचं कारण उरत नाही. बनवणाऱ्याची छाती आणि घालणाऱ्याची छाती, दोन्ही जपतं तेच चिलखत मी माझ्या शेडमधून बाहेर पाठवीन.