दर हजारी ३५

आमच्या घरापासून दादरची चौपाटी चालत दहा मिनिटांवर आहे. तरीही दर शनिवारी रात्री मी न्हाणीघरात बसून २० लिटरच्या बादलीत समुद्राचे पाणी तयार करतो. हे ऐकून येणारेजाणारे हसतात. त्यांचे हसणे रास्तच आहे. पहिल्या खेपेस मलाही हसू आले होते. पण किनाऱ्यावरचे पाणी घरातल्या टाकीत घालता येत नाही. त्यात शहराचे सांडपाणी मिसळलेले असते, आणि पावसाळ्यात नाल्यांच्या गोड्या पाण्याने त्याची क्षारताही उतरते. समुद्रातला जीव जगवायचा तर समुद्राकडे पाठ करून, नळाच्या पाण्यातून नवा समुद्र घडवावा लागतो.

टाकी माझी नव्हे, मुलाची. १५० लिटरची, तीत क्लाउनफिशची एक जोडी आणि तांबड्या पाठीवर पांढरा पट्टा असलेली, माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणारी एक कोळंबी. नोकरीसाठी बंगळूरला जाताना त्याने एका वहीत सारी कृती लिहून ठेवली. तीस वर्षे महाविद्यालयात साहित्य शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाने इतकी आज्ञार्थी गद्यरचना क्वचितच वाचली असेल. नळाच्या पाण्यातले क्लोरीन व विरघळलेले क्षार गाळणीतून काढावेत; टीडीएस मापकावर शून्य यावे. पाण्यात मीठ घालावे, मिठावर पाणी ओतू नये. तसे केल्यास तीव्र द्रावणातला कॅल्शियम चुन्याच्या रूपाने साक्यासारखा बसतो आणि बादलीत दुधाळ पाणी उरते. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही, कारण ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हेही लागतात. बादलीला या तयार मिश्रणाचे सुमारे ७५० ग्रॅम. छोटा पंप रात्रभर चालू ठेवावा. सकाळी पाण्याचे तापमान टाकीइतके, म्हणजे २६ अंश असावे, आणि रिफ्रॅक्टोमीटरच्या भिंगातून पाहता निळ्या-पांढऱ्या रंगांची सीमारेषा ३५ वर दिसावी.

दर हजारी ३५ हा आकडा आपण शाळेत भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेला असतो. त्यामागची हकीकत मला या वहीमुळे शोधावीशी वाटली. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या समुद्रांतून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले. १८८४ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की क्षारता ठिकाणागणिक कमीअधिक असते, पण मुख्य क्षारांचे परस्परांशी असलेले प्रमाण खुल्या समुद्रात जवळपास सर्वत्र तेच राहते. समुद्र पिशवीत भरून विकता येतो, तो या स्थैर्यामुळे.

त्याही आधी, १८५४ च्या सुमारास, फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने लंडनमध्ये मोजक्या लवणांपासून असे पाणी तयार केले होते. त्याच वर्षीच्या त्याच्या ‘द अक्वेरियम’ या पुस्तकाने घरोघरी काचेच्या टाक्या आणल्या. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा गॉस दुसऱ्याच नात्याने ठाऊक असतो : एडमंड गॉसच्या ‘फादर अँड सन’ (१९०७) मधला तो बाप. श्रद्धेवरून दुरावत गेलेल्या पितापुत्रांची कथा म्हणून मी ते पुस्तक वर्षानुवर्षे शिकवले. त्यातल्या डेव्हनच्या किनाऱ्यावरील खडकांतल्या डबक्यांपाशी मात्र कधी थांबलो नाही. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली ती सजीव डबकी, वडिलांचीच पुस्तके वाचून आलेल्या हौशी संग्राहकांनी ओरबाडून ओस पाडली, असे मुलाने तिथे नोंदवले आहे. ज्याने प्रेम करायला शिकवले त्याच्याच हातून लूटही शिकवली गेली. समुद्रातून जीव उचलणाऱ्यावर त्या जिवासाठी समुद्र घडवत राहण्याचे ऋण कायमचे बसते, हे मला वर्गात नव्हे, न्हाणीघरात कळले.

आणि तेही उशिरा. टाकीतले पाणी रोज साधारण लिटरभर वाफ होऊन उडे. खाऱ्या टाकीत खारेच पाणी हवे, अशा भाबड्या समजुतीने मी ती तूट शनिवारच्या उरलेल्या पाण्याने भरत राहिलो. तीन आठवड्यांनी, एका शनिवारी संध्याकाळी भिंगातून पाहिले तर रेषा ३९ वर. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन यायचा होता. रविवारचे आमचे संभाषण बहुधा एका प्रश्नाने सुरू होऊन त्याच्या उत्तराने संपे : “बाबा, क्षारता किती?” मला ३५ म्हणायचे होते. म्हणून त्याच रात्री टाकीतले खारे पाणी उपसून, गोडे पाणी ओतून मी आकडा खाली आणला. चूक तीन आठवड्यांची. ती तीन तासांत पुसायची मला घाई झाली होती.

सकाळी कोळंबी तळाशी निपचित पडलेली दिसली. ती अधूनमधून कात टाकी आणि तिची पोकळ कात हुबेहूब मेलेल्या कोळंबीसारखी दिसे. मी पूर्वी दोनदा फसलो होतो. म्हणून दगडांच्या कपारींत बराच वेळ शोधत राहिलो. मग जाळीने उचलली, तेव्हा तिला वजन होते.

फोन आला. “पस्तीस,” मी म्हणालो. आकडा खरा होता. थोड्या वेळाने मीच पुन्हा फोन लावला आणि सगळे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, “बाबा, पाणी उडतं, मीठ उडत नाही. रोजची तूट साध्या शुद्ध पाण्यानं भरायची असते. ते वहीत लिहायचं माझ्याकडून राहिलं.”

त्याने ते गृहीत धरले होते, आणि मी विचारले नव्हते. आता वहीच्या शेवटच्या पानावर ते वाक्य माझ्या अक्षरात आहे. टाकीशेजारी गाळलेल्या गोड्या पाण्याची बाटली असते. क्षारता चढलीच तर मी ती काही दिवस घेऊन, थोडीथोडी उतरवतो. आणि रविवारी रेषा ३६ वर असली, तर त्याला छत्तीसच सांगतो.