गूळ विसरलेली पुरणपोळी

नाशिककर परदेशात गेला की आधी काय शोधतो? बरोब्बर, मिसळ! ताई लग्नानंतर मॉरिशसला गेली त्याला सात वर्षं झाली. तिच्याकडे जायचा माझा मुहूर्त गेल्या मे महिन्यात लागला. बॅगेत कपडे कमी. चिवडा, काळा मसाला आणि गूळच जास्त.

शनिवारी ताई मला पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटमध्ये घेऊन गेली. थेट आपल्या गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार आठवला. कोथिंबीर, कारली, दुधी, सगळी ओळखीची मंडळी. भावही रुपयात, फक्त रुपया त्यांचा. आणि ताई चक्क क्रिओलमध्ये घासाघीस करत होती! नाशिकला हीच बाई भाव करायची वेळ आली की आईच्या मागे लपायची.

मग खादाडी. 'गातो पिमां' म्हणजे आपला डाळवडाच, आकाराने लिंबाएवढा. लोक तो पावात घालूनही खातात, म्हणजे वडापावशी गोत्र जुळलं. 'आलूदा' हा फालुद्याचा सख्खा भाऊ. आणि सगळ्यांची राणी, धोल पुरी. नावाला पुरी, पण तळत नाहीत. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून, बारीक करून मैद्याच्या पारीत भरायची, पातळ लाटून तव्यावर भाजायची. मिळते जोडीने, वर पावट्यासारख्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची चटणी, आणि कागदात गुंडाळून हातात.

१८३४ पासून ऊसमळ्यांवर राबायला आलेल्या बिहारी मजुरांनी ही आणली. कोकणातूनही माणसं आली. बाजाराजवळच ती जिथे उतरली तो आप्रवासी घाट आहे. आपल्याला घाट म्हटलं की रामकुंड आठवतं. इथल्या घाटावरून बहुतेक जण परत गेलेच नाहीत.

"कशी लागतेय?" ताईने विचारलं.

"पुरणपोळीत गूळ घालायला विसरल्यासारखी," मी सहज बोलून गेलो आणि गप्प झालो.

आईच्या शेवटच्या होळीला ती खरंच गूळ विसरली होती. बाबांनी आणि मी एक अक्षर न बोलता दूध-तूप घालून तीन-तीन पोळ्या संपवल्या. तेव्हा भाची दहा दिवसांची होती, ताईला येता आलं नाही. पुढे आई गेली तेव्हाही नाही. फोनवर तो विषय आम्ही दोघंही टाळायचो.

तिथेच उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ताई आधी हसली, मग रडली.

"आईला कळलं होतं का रे?"

"कळलं ना. रात्री माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, म्हणाली, आता खा."

ताईने डोळे पुसले आणि अजून दोन जोड्या बांधून घेतल्या.

घरी आल्यावर तिने मी आणलेला गूळ किसला, पुरीवर पसरला, तूप सोडलं आणि भाचीला भरवला. ती दोन घास खाऊन उठली. तिला म्हणे बिनगुळाचीच आवडते.

असो. उरलेली आम्ही दोघांनी संपवली.