काटा आणि पाती

हातांनी उचलून नेता येणाऱ्या किंवा चाकांवर ओढत नेता येणाऱ्या लहान जनरेटरच्या पॅनेलवर बहुधा एकच काटा असतो आणि तो व्होल्टचा असतो. यंत्राचा मालक, ते भाड्याने नेणारा मांडववाला आणि ते दुरुस्त करणारा, हे तिघेही त्या एका काट्यावरून यंत्राची प्रकृती ठरवतात, आणि या कामातल्या बहुतेक चुकांचे मूळ त्यातच आहे. तो काटा खोटे बोलत नाही. पण त्याला जे विचारलेलेच नाही त्याचे उत्तर लोक त्याच्याकडून ऐकतात, आणि प्रस्तुत लेखकानेही दीर्घकाळ तेच केले.

अडचण अशी की, जनरेटरमध्ये दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. पहिली इंजिनाचा वेग, ज्याला कामावर रेस म्हणतात, आणि दुसरी विजेचा दाब. दोन ध्रुवांचे यंत्र मिनिटाला 3000 फेरे फिरले की सेकंदाला 50 आवर्तने, म्हणजे 50 हर्ट्झ, मिळतात, आणि हे नाते कोणताही स्क्रू फिरवून बदलता येत नाही. दाब मात्र वेगाबरोबरच चुंबकक्षेत्राच्या जोरावरही अवलंबून असतो. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांनी घरगुती पुरवठ्याच्या दाबात 6 टक्क्यांची आणि आवर्तनांत 3 टक्क्यांची सूट दिली होती, म्हणजे 230 व्होल्टसाठी साधारण 216 ते 244 आणि 50 हर्ट्झसाठी 48.5 ते 51.5, दोन्ही मर्यादा वेगवेगळ्या सांगाव्या लागल्या, कारण एक पाळली म्हणून दुसरी पाळली जातेच असे नाही.

कपॅसिटरवर चालणाऱ्या साध्या यंत्रात कपॅसिटर कमजोर झाला की काटा 190 च्या आसपास येऊन थांबतो. अशा वेळी कपॅसिटर मोजून बदलण्याऐवजी गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा वेग राखणाऱ्या यंत्रणेचा, स्क्रू पिळणारे दुरुस्तीवाले गावोगाव आहेत, आणि त्यांच्याविषयी सौम्य भाषा वापरण्याचे कारण नाही. रेस 3300 च्या घरात गेली की काटा 230 वर येतो, गिऱ्हाईक समाधानाने पैसे देते, आणि त्या घटकेपासून मांडवातले पंखे 55 आवर्तनांवर फिरू लागतात, इंजिन तापते, व्हॉल्व्ह आणि रिंगा अकाली झिजतात. ही दुरुस्ती नव्हे, काट्याची मनधरणी आहे. याच्या उलट चूक करणारेही आहेत: लोड नसताना ते रेस नेमकी 50 वर बांधतात, वास्तविक रिकाम्या यंत्राला 52 च्या जवळपास ठेवावे लागते, कारण पूर्ण लोड आल्यावर गव्हर्नर वेग थोडा सोडतोच, मग आरतीच्या वेळी सगळे हॅलोजन आणि ध्वनिक्षेपक एकदम लागले की यंत्र 47 वर बसते.

एव्हीआर, म्हणजे दाब आपोआप राखणारे उपकरण, असलेल्या यंत्रात ही अडचण अधिक फसवी होते. इंजिन दमून वेग उतरला तरी एव्हीआर चुंबकाला जास्त प्रवाह देऊन काटा 230 वर धरून ठेवते; काटा स्थिर, गिऱ्हाईक निर्धास्त, आणि आत मात्र फिरत्या गुंडाळ्या आणि अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर तापत असतात, कारण तोच दाब कमी आवर्तनांवर दिला की लोखंडातले चुंबकत्व वाढते.

यावर प्रस्तुत लेखकाचा उपाय कानाचा होता. चार-स्ट्रोकचे एका सिलिंडरचे इंजिन 3000 फेऱ्यांवर सेकंदाला 25 वेळा पेटते, आणि सायलेन्सरच्या त्या घुमण्यावरून आवर्तनांचा आकडा अर्ध्या हर्ट्झच्या फरकाने सांगता येतो असा त्याचा लौकिक होता. पाती-मीटर, म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या पोलादी पात्यांची ओळ असलेले उपकरण, ज्यात विजेच्या आवर्तनांशी जुळणारे पातेच जोराने थरथरते, ते लाकडी पेटीत बरोबर असे. पण आधी आकडा बोलून मग पेटी उघडण्यात जो आनंद होता तो निव्वळ मिरवण्याचा होता, हे मान्य करायला हवे. त्याहून वाईट असे की, जनरेटरांच्या शेजारी वर्षे काढल्यावर कान मंदावले तेव्हा तो आधी चोरून पात्यांकडे पाही आणि मग कानाने ऐकल्यासारखा आकडा सांगे. हे दोन हंगाम चालले. गिऱ्हाइकांचे त्यात काही बिघडले नाही, कारण आकडा खराच असे. पण शिकणाऱ्या मुलासमोर ते केले गेले, आणि ती गोष्ट मनाला अजून लागते.

कान गेल्यावर सर्वात जड झाले ते हलणाऱ्या काट्याचे निदान. काटा लयीत खालीवर जात असेल आणि त्याच लयीत इंजिनाचा आवाजही चढउतरत असेल, तर दोष इंजिनाकडे असतो: कचऱ्याने अडलेला जेट, सैल झालेली गव्हर्नरची स्प्रिंग, किंवा रॉकेलवरच्या जुन्या यंत्रांत पुरेसे तापण्याआधीच पेट्रोलवरून रॉकेलवर वळवलेला कॉक. आवाज एकसारखा आणि काटा मात्र बारीक थरथरणारा, तर कार्बन ब्रश, स्लिप रिंग किंवा सैल जोडणी तपासावी. आणि पॅनेलवर तळवा दाबताच थरथर थांबली, तर दोष मीटरच्याच बैठकीत आहे. हा सगळा निवाडा काटा आणि आवाज एकाच क्षणी घेतल्याने होतो.

म्हणूनच हल्लीच्या अंकी मीटरविषयी तक्रार आहे. ते व्होल्ट, हर्ट्झ आणि चाललेले तास तिन्ही दाखवते, अचूकही असते, पण एका वेळी एकच. बटण दाबून पुढे जावे लागते आणि बहुतेक जण व्होल्टवरच थांबतात. शिवाय 228, 231, 229 असे उड्या मारणारे अंक वाचता येतात, त्यांतली लय दिसत नाही. जुन्या काट्याचीही उणीव आहेच. त्याच्या मापपट्टीचा खालचा भाग इतका दाटलेला असतो की पावसाळाभर बंद ठेवलेल्या यंत्रात उरलेले तीन-चार व्होल्ट त्यावर शून्यच दिसतात, आणि केवळ अवशिष्ट चुंबकत्व, म्हणजे लोखंडात मागे राहिलेले चुंबकत्व, क्षीण झालेले असताना गुंडाळी जळाली असा निकाल दिला जातो; एव्हीआरच्या तारा सोडवून 12 व्होल्टच्या बॅटरीचा धन-ऋण नीट जुळवून क्षणभर स्पर्श दिला, तर अशी कित्येक यंत्रे पुन्हा वीज देऊ लागतात.

आता काम दोघांत वाटलेले आहे. शिकणारा मुलगा सायलेन्सरच्या बाजूला पाठ करून उभा राहतो, लेखक पेटी उघडी ठेवून पात्यांसमोर बसतो आणि लोड एकेक स्विचने चढवला जातो. तिसऱ्या हॅलोजनला मुलगा म्हणतो, “काका, उतरला,” आणि त्यानंतर, अगदी डोळ्यांदेखत, 51 चे पाते मंद होऊन शेजारचे 50.5 चे थरथरू लागते.