शेंड्यापासून मुळाकडे

आजी माझे केस विंचरायला बसली की आधी खोबरेलाची वाटी आणि पाण्याचा तांब्या जवळ घ्यायची. फणी अगदी शेवटी. सारोळ्यात आमचं घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर. साताऱ्याकडे निघालेल्या गाड्या नीरेच्या पुलाकडे धावत राहायच्या आणि त्यांची धूळ माझ्या कुरळ्या केसांत मुक्कामाला यायची. पावसाळ्यात तर ओल्या हवेनं केस असे फुगत, की सकाळी घातलेल्या दोन वेण्या शाळा सुटेपर्यंत अर्ध्या सुटलेल्या असत. "आवर त्या झिंज्या," असं येताजाता कुणीही म्हणे. आजी कधी म्हणाली नाही. ती शेंडे ओले करी, बोटांनी गुंता सैल करी आणि खालून वर, चार-चार बोटं चढत विंचरी. मला तिच्या मांडीवर झोप लागे.

पाचवीत मला टायफॉईड झाला. तीन आठवडे अंथरुणावर. उठले तेव्हा मानेवर मुठीएवढा गोळा झाला होता. शेजारच्या काकूंनी तो पाहिला आणि हात जोडले. "जट आलीय पोरीला. देवीचं आहे, कात्री लावू नका." आई पांढरीफटक पडली. आजीनं मला ओसरीवर बसवलं. "दुखण्यात फणी फिरली न्हाई म्हणून गुतलंय. गुतलंय ते सुटंल." तीन दुपारी ती तेल जिरवत, पोती शिवायच्या दाभणाच्या बोथट बाजूनं एकेक बट मोकळी करत बसली. जे सुटेना तेवढं कात्रीनं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "बघ. केसंच हायेत."

त्या तीन दुपारींचं मोल मला पुष्कळ उशिरा कळलं. सगळ्याच बायकांच्या वाट्याला अशी आजी येत नाही. तेल, पाणी आणि उसंत मिळाली नाही, की केस एकमेकांत अडकतात. त्यात मळ, घाम, हळद-कुंकू साचतं आणि गोळा घट्ट होतो. मग त्याला देवीचं नाव मिळतं आणि बाई वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर वागवते. मान दुखते, डोक्यात उवा होतात, कुशीवर नीट झोपता येत नाही. काही मुलींना तर त्या जटेपायीच देवीला सोडलं गेलं. पोलंडमध्येही अशा जटा होत्या आणि त्या कापल्या तर आजार अंगात शिरतो, अशी भीती होती. 19व्या शतकात क्राकोचे डॉक्टर युझेफ डिट्ल यांनी तिच्याविरुद्ध मोहीम उघडली. आपल्याकडे नरेंद्र दाभोलकरांनी 1989 साली स्थापन केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती हे काम करत आली आहे. समितीच्या पुण्यातल्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव पूर्वी ब्यूटी पार्लर चालवत. कात्री धरणारा तो सराईत हात त्यांनी जटा सोडवण्याकडे वळवला. पण कात्रीच्या आधी त्या बाईशी, तिच्या घरच्यांशी बोलावं लागतं. भीतीचा गुंताही शेंड्याकडूनच सोडवावा लागतो.

कुरळा केस कातडीखालच्या वाकड्या मुळातूनच वळण घेऊन येतो. डोक्यातलं तेल सरळ केसावरून सहज खाली ओघळतं. आमच्या केसात ते प्रत्येक वळणावर अडतं. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाशी कोरडं, अशी आमची तऱ्हा. कोरड्या टोकांना फाटे फुटतात आणि ते फाटेच शेजारच्या केसाला धरून बसतात. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी टोकं कापायची. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, तेव्हा बोटभर गेल्याचं दुःख करू नये. कापायचे मात्र कोरडे असताना, एकेक बट तिच्या वळणात पाहून. पाणी लागलं की केसाच्या आतले नाजूक बंध सुटतात, बट लांब होते; वाळली की ती आखडून वर जाते. ओल्या लांबीवर भरवसा ठेवून कात्री चालवली, तर मनात होतं त्यापेक्षा कितीतरी आखूड होतात.

कोरडे केस मी कधीच विंचरत नाही. शिकेकाईनं रोज न्हात नाही. धुतल्यावर पंच्यानं खसाखसा पुसत नाही. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात हलकेच दाबते. जवस पाण्यात उकळून, गरम असतानाच गाळून जो बुळबुळीत रस निघतो, तो ओल्या बटांना चोळते. हे आजीनं शिकवलं नव्हतं. तिनं शिकवलं ते एवढंच, की गुंता दिसला तर ओढायचं नाही.

सुट्टीत भाची येते. तिचेही केस माझ्यासारखेच. ओसरीवर, हायवेच्या घरघरीत, ती माझ्यापुढे पाठ करून बसते आणि खांदे आवळून विचारते, "आत्या, दुखेल?" मी उत्तर देत नाही. तांब्यात बोटं बुडवते, शेंडे ओले करते, चार बोटं वर चढते. थोड्या वेळानं खांदे सैल होतात. मग तिची मान हळूच माझ्या गुडघ्यावर कलंडते.