कांगाची अर्धी जोडी

ह्यांच्या नोकरीपायी १९८३ साली टांझानियात, दार-ए-सलामला बिऱ्हाड केलं. तिथल्या बायका कांगा नेसतात. सुती, ठसठशीत छापाचं कापड, चहूबाजूंनी काठ आणि मधल्या नक्षीखाली स्वाहिली भाषेतली एक ओळ. जोडी अखंडच मिळते. मधोमध कापायची, कडा शिवायच्या. एक कमरेला, दुसरी डोक्यावर, नाहीतर तान्हं पाठीशी बांधायला. शेजारणीला टोमणा, नवऱ्याशी लाडीगोडी, जे तोंडाने बोलवत नाही ते कांगा बोलते! म्हणून बायका रंगाइतकीच ओळही पारखून घेतात. मला आधी याचं हसूच यायचं.

मग साताऱ्याहून आई गेल्याची तार आली. जाणं शक्य नव्हतं. शेजारीण आली. माझं स्वाहिली तुटपुंजं, तिला मराठी कुठून येणार? तिने नवी जोडी कापली, अर्धी माझ्या खांद्यांवर घातली, अर्धी स्वतः पांघरली आणि जवळ बसून राहिली. कांगावर छापलं होतं, 'नानी कामा मामा'. त्यांच्यात मामा म्हणजे आई. आईसारखं कोण?

आता ती कांगा विरलीय. पण मैत्रिणींनो, कपाटात आईच्या इरकली लुगड्याशेजारीच तिची घडी असते.